एकाच हातचा पाना

ताईला खडूची पारख होती. सारा जन्म पहिली-दुसरीच्या वर्गात फळ्यापुढे गेलेला; चिमटीत पूड चोळली की खडू मऊ आहे की चरचरीत, हे ती न बघता सांगे. त्या रविवारी सकाळी शेडचं दार ढकलून ती आत आली, तेव्हा होडीच्या पोटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेली पांढरी रेघ तिला दिसली. रेघेवर बाण होते. बाणांशेजारी लिहिलं होतं, 'इथून कापणे'.

अक्षर वाईट नव्हतं. तेवढं मनात नोंदवून तिने बादलीतलं फडकं पिळलं आणि रेघ पुसायला घेतली.

बाकीचे आले तेव्हा तिची अर्धी रेघ पुसून झाली होती. पुढे भाऊ, त्याच्यामागे चहाचा थर्मास घेतलेली त्याची बायको, मग त्यांची लेक आणि सगळ्यांत शेवटी बाळ. बाळला घरात अजून बाळच म्हणत. तो दातांचा डॉक्टर होता, डोक्यावर एक केस उरला नव्हता, तरी तीन भावंडांत धाकटा तो धाकटाच.

"ताई, पुसून काय होणार?" बाळ म्हणाला. "हॉटेलवाल्यांची माणसं परत येतील आणि परत मारतील."

"मग मी परत पुसेन. फळा पुसायचा मला कंटाळा नाही."

"काल माप घेऊन गेले ते. अंगणात कारंज्याजवळ उभी करणार आहेत. आत फुलझाडं लावणार. सपाट बसायला हवी म्हणून खालचं शिसं कापावं लागेल, एवढंच."

"एवढंच," ताई म्हणाली. "तुझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तू असंच सांगत असशील. जरासं टोचेल, एवढंच."

भाऊची लेक हसली आणि आईने तिच्याकडे बघताच गप्प झाली. ही लेक उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायची; कमरेला हत्यारांचा पट्टा बांधलेलाच असे. काका तिला लिफ्टवाली म्हणायचा, आणि तेच नाव घरभर झालं होतं.

होडीचं नाव मात्र मावशी. अप्पांनी ती आणली तेव्हा आई म्हणाली होती, आता माझी सवत घरात आली. अप्पा म्हणाले, सवत कशाला, धाकटी बहीण समज. तेव्हापासून तिन्ही मुलांची ती मावशी. पुढे अप्पा गेले, आई गेली. माय मरो, मावशी उरो म्हणतात ते या घरात तरी खरं झालं. घर विकलं, सामान वाटून घेतलं, पण मावशी तिघांची सामाईकच राहिली. तिच्याबद्दल काही ठरवायचं तर तिघांतल्या दोघांचा कौल लागे. इतकी वर्षं भाऊचा कौल ताईकडे असायचा. या खेपेला तो बाळकडे गेला होता. आणि का गेला, हे ताईला कळत नव्हतं. तिला खुपत होतं ते तेच.

"शेडच्या मालकाला जागा हवी आहे," भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकाला नंबर वाढल्याचं सांगताना तो हाच सूर लावायचा. "येत्या पौर्णिमेच्या उधाणाला दुसरी होडी आत येतेय. त्याच भरतीला मावशी एक तर पाण्यात जाईल, नाहीतर ट्रकवर. आणि पाण्यात जायच्या स्थितीत ती आहे का? गेल्या दोन-तीन हंगामांत दर वर्षी जास्तच पाणी घेतेय."

"लाकडाची आहे. थोडं पाणी घेणारच."

"थोडं नाही, वन्सं," भावजय एकदम म्हणाली आणि तिने थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

ताईने तिच्याकडे पाहिलं. ही बाई सहसा भावंडांच्या वादात पडत नसे. पडलीच तर तिला काहीतरी ठाऊक असे.

"मग तुमचं सगळ्यांचं ठरलंय तर," ताई म्हणाली. "मला फक्त सांगायला बोलावलंत."

"तसं नाही," भाऊ म्हणाला. भांडण मिटवायची त्याला जुनी खोड. "असं करू. तिची कंबर धरून आहेत ते खालचे बोल्ट. त्यातला एक बाहेर काढून बघू. चांगला निघाला तर बाळने हट्ट सोडायचा आणि मावशी पाण्यात. खराब निघाला तर ताईने सोडायचा. बोल्टलाच विचारू, म्हणजे तुमच्या दोघांत माझं सँडविच होणार नाही."

बाळने खांदे उडवले. "मला चालेल."

ताईने हातातलं फडकं बादलीत टाकलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण जो प्रश्न विचारायची भीती वाटते तोच आधी विचारायचा, हे तिने किती मुलांना शिकवलं होतं.

"चालेल," ती म्हणाली. "कुठला काढायचा ते मी सांगणार नाही, बाळही सांगणार नाही. लिफ्टवाली निवडेल."

शिडाच्या होडीच्या पोटाखाली शिशाचा एक लांबलचक ठोकळा असतो. वारा शिडाला ढकलतो, होडी आडवी व्हायला बघते, आणि हा ठोकळा तिला पुन्हा सरळ करतो. बुडाशी जड असलेली बाहुली कितीही ढकलली तरी उभी राहते, तसंच. हा ठोकळा लाकडाशी जोडून ठेवतात ते जाड बोल्ट. त्यांचं डोकं खाली शिशात दडलेलं असतं आणि नट वर, होडीच्या आत, पायाखालच्या फळ्या उचलल्या की दिसतात. बोल्ट काढायचा तर तो वरून ठोकून खाली पाडावा लागतो. खाली जमीन असली तर तो पडणार कुठे? म्हणून आधी होडीखाली खड्डा खणावा लागतो.

तेव्हा सगळ्यांनी खड्डा खणला. शेडची जमीन वर्षानुवर्षांच्या पायांनी दगडासारखी झाली होती. बाळ पहार मारायचा, भाऊ माती उपसायचा आणि ताई गुडघ्यावर बसून खड्ड्याचं तोंड नेमकं बोल्टखाली येतंय ना ते बघायची.

"दात उपटणाऱ्याला बोल्ट उपटायला एवढा घाम?" ताईने विचारलं.

"माझी गिऱ्हाइकं तोंड उघडून बसतात. ही मावशी दात-ओठ खाऊन बसलीय."

लिफ्टवाली शिडीवरून होडीच्या पोटात उतरली. तिने मधला एक नट निवडला, त्याच्यावर तेल सोडलं, लांब दांड्याचा पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. नट हलला नाही. तिने दांड्याला पाइप जोडून तो आणखी लांब केला. मग आतून एक कर्कश आवाज आला, भावजयने कानांवर हात ठेवले, आणि नट फिरला. वर आलेलं बोल्टचं टोक स्वच्छ होतं. आटे नव्यासारखे चमकत होते.

"बघ," ताई म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजातला आनंद लपवता आला नाही.

"वरचा दात पांढरा असतो, ताई," बाळ म्हणाला. "मूळ बघू."

लिफ्टवालीने टोकावर लोखंडी कांब टेकवली आणि हातोडा मारायला सुरुवात केली. एकेका घावाबरोबर बोल्ट नखाएवढा खाली सरकत होता. ताई खड्ड्याच्या काठाशी पालथी पडून बघत होती. आधी बोल्टचं डोकं दिसलं, गोल, भरीव, शिशाच्या भुकटीने माखलेलं. मग खालची दांडी दिसली. तीही भरीव. ताईने श्वास सोडला. आणखी एक घाव बसला, बोल्ट सटकन निसटला आणि खड्ड्यात आडवा पडला.

सगळे खड्ड्यावर वाकले.

वरचं टोक ठणठणीत होतं, खालचं टोक ठणठणीत होतं. पण मध्ये, जिथे शिसं आणि लाकूड एकमेकांना भेटतात, तिथे बोल्टची कंबर पेन्सिलीएवढी राहिली होती. त्या फटीत वर्षानुवर्षं पाणी बसलेलं; त्याने कुरतडून कुरतडून धातू खाल्ला होता. भाऊने तो उचलला, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांजवळ धरला.

"ठरलं मग," बाळ म्हणाला. जिंकलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो.

ताई उठून उभी राहिली. साडीला लागलेली माती तिने झटकली नाही. भाऊच्या हातातून बोल्ट घेऊन तिने तो कामाच्या मेजावर सगळ्यांसमोर ठेवला.

"काय काय दिसतंय, सांगा," ती म्हणाली.

"ताई, ही शाळा नाही."

"एकेकाने बोला."

भाऊ म्हणाला, "मध्ये झिजलाय." भावजय म्हणाली, "हिरवट पडलाय." बाळ खड्ड्यापाशीच उभा राहिला. लिफ्टवाली अजून होडीच्या पोटातच होती. तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आला.

"आत्या, बोल्ट सोडा, हे बघायला या. नटाखाली जी लोखंडी चकती असते ना, ती लाकडावर बसलेली नाही. लाकडात रुतलीय. माझ्या अंगठ्याचं पेर बुडेल एवढी. आडवी तुळई पार दबलीय. शेजारच्या नटाखाली पण तेच. हे आवळतं कोण?"

"मी," ताई म्हणाली. "दर वर्षी, पाण्यात टाकायच्या आधी. अप्पांचा पाना माझ्याकडे आहे."

"म्हणजे मी आवळतो त्याआधी की नंतर?" भाऊने विचारलं.

ताईने मान वळवली. "तू कशाला आवळतोस?"

"तुझे हात आता पहिल्यासारखे नाहीत ताई, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तू घरी गेलीस की मी येऊन एकेक फेरा देतो. दिवसभर गव्हाएवढे स्क्रू पिळतो मी, मोठा नट हातात आला की बरं वाटतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

बाळ खाली बघत होता. बुटाच्या टोकाने त्याने मातीचं एक ढेकूळ खड्ड्यात लोटलं.

"आणि तू?" ताईने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी," तो म्हणाला. "तुमच्या दोघांपैकी कुणीतरी विसरलं असेल, असं मला वाटायचं."

होडीच्या आतून लिफ्टवालीचं हसू ऐकू आलं. मग भावजय हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. एकाच माळेचे तीन मणी. ताईने मोठ्या कष्टाने ओठ मिटून ठेवले होते.

"पाणी येतंय म्हणून आवळायचं," लिफ्टवाली वर डोकावून म्हणाली. "आवळलं की तुळई दबणार, तुळई दबली की शेजारच्या फळीचा सांधा उघडणार, सांधा उघडला की आणखी पाणी. मग परत तिघेही पाना घेऊन हजर."

"अति तेथे माती," भाऊ पुटपुटला.

"माती कसली, पाणी," भावजय म्हणाली. आणि मग, हसू कुठे गेलं कळलंच नाही, ती बाळकडे वळली. "भावजी, आता तरी सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते."

बाळ मेजाशी आला. त्याने मेजावरचा बोल्ट उचलला.

"गेल्या हंगामाच्या शेवटी मी हिला घेऊन पलीकडच्या बेटाला गेलो होतो," त्याने पुतणीकडे मान हलवली. "येताना वारा वाढला. ही आत झोपली होती. मी सुकाणू धरून होतो आणि माझ्या पायाला ओलं लागलं. फळी उचलली तर खाली पाणी हिंदकळत होतं. उपसत उपसत आलो. हिला उठवलं नाही. घाबरली असती."

"मी?" लिफ्टवाली म्हणाली. "काका, मी दहाव्या मजल्यावर दोरीला लटकते."

"बरं, मी घाबरलो होतो. आल्यावर फक्त वहिनींना सांगितलं. त्यांची मुलगी होती म्हणून. त्या दिवसापासून मावशी डोळ्यांपुढे आली की मला ते पायाखालचं पाणीच दिसतं. हॉटेलच्या अंगणात कुणी बुडत नाही, ताई."

आता ताईला कौल का फिरला ते कळलं. भावजयने नवऱ्याला गळ घातली असणार. आणि नवऱ्याने कारण न सांगता बाजू बदलली असणार, कारण सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. तिच्यापासून सगळं लपवलं होतं ते तिला जपण्यासाठी. अशा जपण्याचा राग येतो, पण तो काढायला जागा नसते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, नट आवळू."

ताईने बादलीतलं फडकं काढून पिळलं.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "बोल्ट खराब निघाला. मावशी हॉटेलात जाईल. पण करवत लागणार नाही तिला. शिसं उतरवायलाच हवं ना? सगळे बोल्ट काढले की ते आपोआप सुटतं. कापायची गरज नाही. ते काम मी करते."

"तू एकटी?"

"पौर्णिमेला अवकाश आहे."

भाऊने तिच्याकडे निरखून पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ताईच्या चेहऱ्यावर वर्ग सुरू होण्याआधीची शांतता होती, आणि ती शांतता तो लहानपणापासून ओळखून होता. हॉटेलला द्यायचं तरी सगळे बोल्ट काढायचे, आणि दुरुस्त करायचं तरी आधी सगळे बोल्टच काढायचे. दोन्ही गावांचा रस्ता बऱ्याच लांबपर्यंत एकच होता. पण हे तो बोलला नाही.

"संध्याकाळी दुकान मिटलं की येईन," एवढंच म्हणाला.

सोमवारपासून काम सुरू झालं. ताई दिवसभर खणायची, संध्याकाळी भाऊ आणि लिफ्टवाली यायचे. एकेक बोल्ट ठोकून खाली पाडायचा, पुसायचा, मेजावर ओळीने मांडायचा. दोन बरे निघाले, बाकीचे सगळे पहिल्याच्या वाटेने गेलेले. होडीला दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू दिले होते. शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा शिशाचा ठोकळा लिफ्टवालीच्या जॅकवर अलगद टेकला आणि मावशीपासून वेगळा झाला. मधल्या फटीतून काळं, कुजकट पाणी गळलं.

"पूर्वी अप्पा सांगायचे," ताई फट खरवडता खरवडता पुतणीला म्हणाली, "नट आवळताना तोंड बंद आणि कान उघडे. लाकूड कुरकुरलं की समजायचं, आपण आधीच थांबायला हवं होतं."

"मग तुम्हा तिघांना ऐकू नाही आलं?"

"तिघे एकदम आत असतो तर एकाने तरी ऐकलं असतं. आम्ही एकेकटे जायचो."

भावजयही यायला लागली. पहिल्या दिवशी फक्त डबा घेऊन, दुसऱ्या दिवशी डबा आणि जुने हातमोजे घेऊन. दबलेल्या तुळया बाहेर काढाव्या लागल्या. सुताराकडून नव्या लाकडाच्या करून आणल्या, तेव्हा त्यांना तेल भावजयनेच लावलं.

"हॉटेलातल्या फुलझाडांना नव्या तुळया कशाला, वन्सं?" तिने एकदा तेल चोळताना विचारलं.

"माती जड असते," ताई म्हणाली.

"हो का," भावजय म्हणाली, आणि तेलाचा दुसरा हात द्यायला लागली.

बाळ मात्र त्या रविवारनंतर फिरकला नव्हता. आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट गेली होती. पहिला बोल्ट. मेजावरच्या ओळीत पहिली जागा रिकामी होती. ताईने खड्डा पाहिला, हत्यारांची पेटी पाहिली, मातीचा ढीग चाळला. शेवटी तिला आठवलं, तो बोल्ट हातात घेऊनच बाळ बोलत होता. हॉटेलवाल्याला दाखवायला नेला असेल, अशी तिची समजूत झाली. पुरावा म्हणून. ताई मागे फिरू नये म्हणून.

ते मनाला लागलं. तरी तिने खरवडणं थांबवलं नाही. वर्गात एखादं पोर वही फाडून लपवतं, तेव्हा त्याच्यामागे धावायचं नसतं. आपण फळ्यावर तेच गणित शांतपणे मांडत राहायचं.

पौर्णिमा जवळ आली तेव्हा एका दुपारी दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगात असलेला बाळ शेडमध्ये आला. त्याच्या हातातली पिशवी इतकी जड होती की तो एका बाजूला झुकला होता. पिशवी त्याने मेजावर ठेवली आणि कागदाची गुंडाळी उलगडली. आत नवेकोरे, जाड, काशाचे बोल्ट होते. शेजारी तो पेन्सिलीएवढ्या कमरेचा जुना बोल्ट.

"मापासाठी नेला होता," तो म्हणाला. "बोल्ट घडवणाऱ्या खरादवाल्याने आधी नाहीच म्हटलं. मग त्याची दाढ बघितली, तेव्हा हो म्हणाला."

ताईने एक नवा बोल्ट हातात घेतला. तो गार आणि सरळ होता.

"आणि हॉटेल?"

"त्यांना सांगितलं, झाडं कुंडीत लावा." मग तो पुढे म्हणाला, "मला वाटलं होतं, खराब निघाला की मी मोकळा होईन. पण तसं नाही झालं. दाढ दुखत असते तोवर माणूस घाबरतो. काढून तळहातावर ठेवली की म्हणतो, एवढीशी? रात्रभर मी तो बोल्ट बघत बसलो. मला मावशीची भीती नव्हती. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, त्याची होती."

"मी शब्द दिला होता," ताई म्हणाली.

"तो मी परत केला. आणि नाटक पुरे. नव्या तुळया मला शेडच्या दारातूनच दिसल्या."

शिसं पुन्हा वर चढवलं, मधल्या फटीत चिकट लेप भरला, बोल्ट खालून वर सारले. चकत्या आता पहिल्यापेक्षा रुंद होत्या. उरलं होतं ते फक्त आवळणं. होडीच्या पोटात तिघं भावंडं दाटीवाटीने बसली आणि कुणीही आधी हात पुढे केला नाही.

लिफ्टवालीने आपला पाना आणला होता. तिच्या कामातला, त्यावर जोर ठरवून ठेवता यायचा आणि तेवढा जोर झाला की तो 'टक' असा आवाज करायचा.

"टक म्हटलं की थांबायचं," ती म्हणाली. "आणि एकानेच आवळायचं. यापुढे नेहमी त्यानेच. कोण?"

भाऊने ताईकडे पाहिलं. "तूच. थोरली आहेस."

"बाळ आवळेल," ताई म्हणाली.

"मी?" बाळ म्हणाला. "सगळ्यांत जास्त घाबरतो मी."

"म्हणूनच. ज्या पोराला शाळेची भीती वाटायची, त्याच्याच हातात मी घंटा द्यायची."

बाळने पाना घेतला. एकेका नटाला तो लागला, सावकाश, तोंड बंद ठेवून. टक. टक. शेवटचा नट झाल्यावर भाऊ म्हणाला, "तो तिसरा पुन्हा एकदा टक करून बघ." ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो वर निघून गेला. बाळही गेला. ताई मागे राहिली. तिसऱ्या नटावर तिची नजर होती. तिचीही बोटं शिवशिवत होती. मग तिने पायाखालच्या फळ्या एकेक करून बसवल्या आणि नट झाकून टाकले.

उधाणाच्या सकाळी मावशी चाकांच्या गाड्यावर बसून उतारावरून पाण्याकडे निघाली. पाणी तिच्या पोटापर्यंत आलं, तेव्हा गाडा थांबवला. काही बिघडलंच तर मागे ओढता यावं म्हणून दोर अजून बांधलेला होता. भरती पुरती भरायच्या आत ठरवायचं होतं, सोडायचं की ओढायचं.

"चढायच्या आधी खिसे," लिफ्टवाली म्हणाली.

"कसले खिसे?" भाऊ म्हणाला.

तिने हात पुढे केला. भाऊच्या कोटातून एक पाना निघाला. बाळच्या पिशवीतून एक. ताई पुढे जाऊ लागली, पण पुतणी हलली नाही. शेवटी ताईने छत्री उघडली आणि तिच्यातून अप्पांचा पाना काढून दिला. तिन्ही पाने धक्क्यावर भावजयपुढे ओळीने ठेवले गेले. ती त्यांच्यावर पाय देऊन उभी राहिली.

आत फळ्या उचलल्या. तळ कोरडा होता. मग एका सांध्यातून बारीक रेघ चमकली, आणि पाणी झिरपू लागलं. भाऊ पुढे वाकला. बाळचा चेहरा उतरला, हात आपोआप पुढे गेला.

"लाकूड इतके दिवस कोरडं होतं," ताई म्हणाली. "पाणी पिऊन फुगेल, सांधे मिटतील. हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वाट बघायची."

"किती?"

"मिटेपर्यंत. हाताची घडी."

"ताई—"

"हाताची घडी म्हटलं."

तिघं फळीवर ओळीने बसली, हातांची घडी घालून. पुढ्यात पाणी जमत होतं. लिफ्टवाली शिडीवर बसून आवाज न करता हसत होती. पाणी पहिल्या नटाच्या बुडाशी आलं. कुणी हललं नाही. बाहेर भरती चढत होती, गाड्याची चाकं दिसेनाशी झाली होती आणि शेडचा मालक दोनदा ओरडून विचारून गेला होता. ताईने बाळकडे पाहिलं नाही. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता, आणि तो आधी ताठ होता तो आता हळूहळू सैल पडत होता.

"वन्सं, काय झालं?" धक्क्यावरून भावजयचा आवाज आला.

"काही नाही," ताई म्हणाली. "पितेय."

बाळने वाकून स्पंज बुडवला, साचलेलं पाणी टिपून बादलीत पिळलं आणि तो सांधा पुसून कोरडा केला. मग पुन्हा घडी घालून बसला. सांध्यावर एक थेंब फुगला. बराच वेळ तिथेच राहिला. पडला नाही.

बाळ उठला. शिडीवरून डोकं बाहेर काढून त्याने मालकाला हाक मारली.

"सोडा दोर."